समेटाची शाळा

अमेरिकेच्या प्रवासांत पाहण्यासारखें म्हणून जें कांहीं सांगितलें जातें, त्यांत नायगाऱ्याचा धबधबा असतो, न्यूयॉर्कचीं गगनचुंबी घरें असतात, वॉशिंग्टनचीं स्मारकें असतात. कायद्याची शाळा मात्र कोणी पाहावयास सांगत नाहीं. आणि तें स्वाभाविकच आहे. कायदा म्हटला कीं आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या डोळ्यांपुढें तारखा, मुद्रांक, वकिलाची फी आणि आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला वाड्याचा दावा उभा राहतो. त्याच्या दर्शनाला मुद्दाम सातासमुद्रांपलीकडे जावें असें कोणास वाटेल? तथापि बोस्टन शहरीं आमचा तीन आठवडे मुक्काम असतां, नदीपलीकडील केंब्रिज या गांवीं एक शाळा आम्हीं पाहिली, आणि तिचा वृत्तांत वाचकांना सादर करावा असें आमच्या मनानें घेतलें. ज्या विद्यालयांत गेलीं दोनशें वर्षें भांडावें कसें हें शिकवीत आले, त्याच विद्यालयांत गेल्या कांहीं दशकांपासून भांडण मिटवावें कसें हेंही शिकवूं लागले आहेत. हें दुसरें शिक्षण पहिल्याहून सोपें नाहीं. किंबहुना पहिल्यावांचून तें शक्यच नाहीं, अशी आमची तेथें खात्री झाली.

बोस्टनहून केंब्रिजला जाण्यास भुयारी आगगाडीची तांबडी शाखा सोयीची आहे. वाटेंत ही गाडी भुयारांतून वर येते आणि एका जुन्या पुलावरून चार्ल्स नदी ओलांडते. पाण्यावर शिडाच्या लहान होड्या, दोन्ही तीरांवर धांवणारे व फिरणारे लोक, आणि मागें बोस्टनच्या सरकारी भवनाचा सोनेरी घुमट असें रम्य दृश्य क्षणभर दिसतें. मग गाडी पुन्हां भुयारांत शिरते. हार्वर्ड चौकांत उतरलें म्हणजे १६३६ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठाचें तांबड्या विटांचें आवार समोर येतें. या आवाराच्या उत्तरेस, कॉमन नांवाच्या मोठ्या मैदानाजवळ, १८१७ सालीं निघालेली कायद्याची शाळा आहे. मैदानाची महती अशी सांगतात कीं, इंग्रजांविरुद्धच्या युद्धांत १७७५ सालीं जॉर्ज वॉशिंग्टननें सैन्याचें आधिपत्य येथेंच स्वीकारलें. युद्धाची आठवण ज्या मैदानांत, त्याच्याच शेजारीं समेटाची शाळा असावी, हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटला.

शाळेंतील जुन्या इमारतींत ऑस्टिन हॉल ही पहिली पाहावी. १८८० नंतरच्या दशकांत रिचर्डसन या विख्यात शिल्पज्ञानें ती रचिली. बसक्या, दणकट कमानी, दोन-तीन रंगांच्या दगडांची नक्षी, आणि आंत शिरतांना एकाद्या प्राचीन मठांत शिरल्याचा भास! तिच्या दर्शनी भागावर बायबलांतील एक वाक्य कोरलेलें आहे. लोकांना नियम शिकवावे आणि त्यांनीं कोणत्या वाटेनें चालावें हें दाखवावें, असा त्याचा आशय आहे. हें वाक्य ज्या कथेंतील, ती आम्हांला ठाऊक होती म्हणून गंमत वाटली. मोझेस हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे ऐकत बसे, आणि लोक दिवसभर ताटकळत उभे असत. त्याचा सासरा जेथ्रो पाहुणा म्हणून आला होता. त्यानें हा प्रकार पाहिला आणि जांवयाची कानउघाडणी केली, कीं यांत तुझाही जीव जाईल आणि लोकांचाही. लहानसहान तंटे सोडविण्यास भरंवशाचीं माणसें नेम आणि अवघड तेवढे आपल्याकडे ठेव. कोर्टांत कामें तुंबतात ही तक्रार किती जुनी आहे पाहा! आणि तिच्यावरचा उपायही तितकाच जुना आहे.

परंतु ऑस्टिन हॉलच्या आंत मात्र जेथ्रोचा उपदेश बराच काळ कोणीं मनावर घेतला नव्हता. १८७० सालीं लँगडेल नांवाचे गृहस्थ शाळेचे मुख्य झाले. त्यांनीं व्याख्यानें देऊन कायदा सांगण्याची जुनी पद्धति मोडून, वरिष्ठ न्यायालयांचे निवाडेच विद्यार्थ्यांच्या हातीं दिले. विद्यार्थ्यानें निवाडा वाचून यावा, प्राध्यापकानें त्याला उभें करून प्रश्नांवर प्रश्न विचारावे, आणि त्या घासाघाशींतून तत्त्व बाहेर यावें, अशी ही रीत होती. ती हळूहळू सर्व अमेरिकेंत पसरली. तिनें बुद्धीला धार येते यांत शंका नाहीं. पण तिच्यांत एक मोठें वैगुण्य आहे. वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोंचतो तो तंटा हजारांतून एकादा. बाकीचे वाटेंतच कोठें तरी मिटतात, विरतात किंवा सोसले जातात. केवळ निवाडे वाचून तंट्यांचें ज्ञान मिळविणें म्हणजे इस्पितळांतील खाटा मोजून गांवाच्या प्रकृतीचें अनुमान करण्यासारखें आहे. शिवाय ज्याच्या पुढें प्रत्येक प्रश्न ‘वादी विरुद्ध प्रतिवादी’ याच रूपानें येतो, त्या तरुणाला जगांत तिसरी बाजू असते, हें सुचावें तरी कसें?

ही तिसरी बाजू शोधणारी मंडळी ज्या इमारतींत बसतात, ती पाऊंड हॉल नांवाची वास्तु दिसण्यांत अगदीं साधी आहे. विटा आणि काँक्रीट, नक्षी नाहीं, कमानी नाहींत. पण तिच्या नांवाला इतिहास आहे. रॉस्को पाऊंड हे मूळचे नेब्रास्काचे. वनस्पतिशास्त्रांत त्यांनीं पंडिताची पदवी मिळविली होती, आणि पुढें १९१६ पासून १९३६ पर्यंत ते या शाळेचे मुख्य होते. तत्पूर्वीं १९०६ सालीं मिनेसोटांतील सेंट पॉल या शहरीं वकिलांच्या परिषदेपुढें त्यांनीं एक भाषण केलें. न्यायदानाविषयीं लोक असंतुष्ट कां आहेत, हा त्याचा विषय होता. न्यायालयांतील झुंज ही कुस्तीच्या फडासारखी झाली आहे, न्यायाधीश केवळ पंच म्हणून उभा राहतो, आणि खरें काय हा प्रश्न मागें पडतो, असें त्यांनीं निर्भीडपणें सुनावलें. तेव्हां वकीलमंडळींत मोठी खळबळ उडाली.

त्या भाषणाला सत्तर वर्षें झालीं त्या वेळीं, १९७६ सालीं, सरन्यायाधीश बर्गर यांच्या पुढाकारानें त्याच शहरीं पुन्हां परिषद भरली. तिच्यांत हार्वर्डचे प्राध्यापक फ्रँक सँडर यांनीं एक निबंध वाचला. सँडर यांचा जन्म १९२७ सालीं जर्मनींत स्टुटगार्ट येथें झाला, आणि हिटलरच्या राज्यांतून निसटून ते बाळपणींच अमेरिकेंत आले. कायदाच अन्यायाच्या हातचें हत्यार कसें बनतें हें ज्यानें लहानपणीं पाहिलें, त्यानें न्यायालयाची निंदा केली नाहीं. त्यानें न्यायालयाला आणखी दारें असावीं असें सुचविलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: प्रत्येक तंट्याला एकच औषध लागू पडत नाहीं. कांहीं तंट्यांना निवाडा पाहिजे, कांहींना लवाद, कांहींना मध्यस्थ, कांहींना नुसती समोरासमोर बसून बोलण्याची सोय. २००० सालापर्यंत न्यायालयाच्या जागीं असें एक केंद्र व्हावें, कीं जेथें आल्यावर माणसाची प्रथम विचारपूस होईल आणि तंट्याचा प्रकार पाहून त्याला योग्य त्या दाराकडे पाठविलें जाईल. वकील-संघाच्या मासिकानें या कल्पनेला ‘अनेक दारांचें न्यायमंदिर’ असें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें. पुढें अमेरिकेंतील कित्येक न्यायालयांनीं अशीं दारें उघडलीं. सँडर २०१८ सालीं वारले. त्यांनीं लाविलेलें झाड त्यांच्या देखत वाढलें.

सँडर यांनीं दारें सांगितलीं, तर त्यांचे सहकारी रॉजर फिशर यांनीं दारांतून आंत गेल्यावर बोलावें कसें याचें शास्त्र रचलें. फिशर दुसऱ्या महायुद्धांत हवामानाची पाहणी करणाऱ्या विमानांतून हिंडले होते. घरीं परतले तेव्हां त्यांचे निकटचे स्नेही युद्धांत कामास आल्याचें त्यांना कळलें. भांडणें मिटवावीं कशीं, या एकाच प्रश्नाला त्यांनीं पुढें आयुष्य वाहिलें. १९८१ सालीं विल्यम यूरी यांच्यासह त्यांनीं लिहिलेलें ‘गेटिंग टू येस’ हें लहानसें पुस्तक जगभर गेलें, आणि १९८३ सालीं हार्वर्ड, टफ्ट्स व मॅसॅच्युसेट्सची तंत्रशाळा यांच्या सहकार्यानें या विषयाच्या अभ्यासाची कायमची संस्था कायद्याच्या शाळेंत उभी राहिली. १९८५ पासून वाटाघाटीला वाहिलेलें एक त्रैमासिकही तेथून निघूं लागलें. केवळ हार्वर्डलाच हा नाद लागला असें नव्हे. मिसूरीच्या विद्यापीठानें १९८४ सालीं अशीच संस्था काढली, आणि समेटाचा विषय वेगळ्या कोपऱ्यांत न ठेवतां पहिल्या वर्षाच्या करार, मालमत्ता वगैरे सर्व विषयांत मिसळून शिकविण्याचा प्रयोग केला.

फिशर यांच्या शिकवणीचा गाभा असा आहे. माणूस तोंडानें मागतो ती मागणी वेगळी, आणि ती मागणी ज्यासाठीं करतो तें प्रयोजन वेगळें. मागण्या परस्परविरुद्ध असल्या तरी प्रयोजनें तशीं असतातच असें नाहीं. एकच नारळ दोन जावांना पाहिजे आहे. एकीला करंज्यांसाठीं खोबरें पाहिजे, आणि दुसरीला घांसण्यासाठीं किशी व करवंटी. ‘नारळ मला’ एवढेंच दोघी म्हणत राहिल्या तर सासूबाई नारळ अर्धा अर्धा करून देतील, आणि दोघींचेंही काम अर्धवट राहील. कशासाठीं, हा एक प्रश्न विचारला असता तर दोघींनाही सबंध मिळालें असतें. राजकारणांत हेंच मोठ्या प्रमाणांत दिसतें. १९६७ च्या युद्धांत इस्राएलनें ईजिप्तचा सिनाई प्रांत घेतला. एकाला प्रांताचा कांहीं भाग ठेवावयाचा होता, दुसऱ्याला इंच न् इंच परत पाहिजे होता. नकाशावर कितीही रेघा ओढल्या तरी मेळ बसेना. पण इस्राएलला हवी होती सुरक्षितता, आणि ईजिप्तला हवें होतें स्वामित्व. १९७८ सालीं कँप डेव्हिड येथें तेरा दिवसांच्या खलबतांत जो तोडगा निघाला, त्यानें भूमि ईजिप्तला परत मिळावयाची, आणि तिच्या मोठ्या भागांत सैन्य ठेवावयाचें नाहीं, असें ठरलें. या प्रसंगीं अमेरिकन मध्यस्थांनीं दोन पक्षांचे दोन मसुदे न घेतां एकच मसुदा हातीं धरला, आणि दोघांच्याही हरकती ऐकून तोच सुमारें तेवीस वेळां सुधारला. ही युक्ति फिशर यांनीं आधीं सुचविली होती.

या विचाराची खरी गंगोत्री मात्र त्याहूनही मागें, एका स्त्रीच्या लिखाणांत आहे. मेरी पार्कर फॉलेट या बाईंचा जन्म १८६८ सालीं बोस्टनजवळ क्विन्सी येथें झाला. हार्वर्ड त्या काळीं स्त्रियांना आपल्या वर्गांत घेत नसे. त्यांच्यासाठीं बाजूला एक पुरवणी शाळा होती, तिलाच पुढें रॅडक्लिफ कॉलेज म्हणूं लागले. त्या शाळेंत बाईंचें शिक्षण झालें. बोस्टनच्या गरीब वस्त्यांत त्यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें, आणि १९२५ सालीं एका व्याख्यानांत विरोधाचा सदुपयोग कसा करावा हें सांगतांना आपलाच एक साधा अनुभव दिला. हार्वर्डच्या ग्रंथालयांत एका लहान खोलींत त्या बसल्या असतां कोणास खिडकी उघडी पाहिजे होती, आणि बाईंना बंद. शेवटीं शेजारच्या रिकाम्या खोलींतील खिडकी उघडली. यांत तडजोड नाहीं, कारण कोणींच कांहीं सोडलें नाहीं. एकाला वारा पाहिजे होता तो मिळाला, आणि बाईंना अंगावर झोत नको होता तो आला नाहीं. फिशर-यूरींच्या पुस्तकांतही ही खिडकी आहे; मात्र तेथें वाद घालणारे दोघेही पुरुष आहेत! कायद्याच्या शाळेनें स्त्रियांना प्रवेश दिला तो १९५० सालीं, बाईंच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं. जिला दारांत घेतलें नाहीं, तिचीच खिडकी आज आंत शिकवितात, ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

शिकविण्याची पद्धतिही पाहण्यासारखी आहे. येथें निवाड्यांऐवजीं नकली वाटाघाटी असतात. एका परिचिताच्या ओळखीनें अशा एका तासाला कोपऱ्यांत बसण्याची परवानगी आम्हांला मिळाली. प्रसंग या शाळांतून नेहमीं वापरला जाणारा होता. संगीत नाटक तीन आठवड्यांवर आलें आहे, आणि मुख्य गायिका ऐन वेळीं निकामी झाली. कंपनीच्या व्यवस्थापकाला दुसरी गायिका पाहिजे. एक नाणावलेली पण उतारवयाकडे झुकलेली गायिका मोकळी आहे, आणि तिलाही कित्येक दिवसांत मुख्य भूमिका मिळालेली नाहीं. दोन दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकाला गायिकेचा मुखत्यार व दुसऱ्याला कंपनीचा मुखत्यार नेमतात. प्रत्येकाला आपल्या पक्षाच्या गुप्त गोष्टींचा एक कागद मिळतो. दुसऱ्याचा कागद तो पाहूं शकत नाहीं. कंपनी किती अडली आहे हें गायिकेला ठाऊक नाहीं, आणि गायिका किती आसुसली आहे हें कंपनीला ठाऊक नाहीं.

ठरलेला वेळ संपल्यावर सर्व जोड्यांचे आंकडे फळ्यावर मांडले, तेव्हां आम्ही थक्क झालों. कागद तेच, वेळ तोच, आणि तरीही एका जोडीनें ठरविलेलें मानधन दुसरीच्या दुपटीहून अधिक! एका जोडीचें तर बोलणेंच मोडलें होतें. कांहींनीं पैशांखेरीज पुढील हंगामांतील भूमिका, जाहिरातींत नांवाचें स्थान, तिकिटांच्या विक्रीवर वाढता हिस्सा अशा गोष्टी शोधून काढल्या होत्या. ज्या विद्यार्थ्यानें गायिकेला फारच थोड्या पैशांत पटविलें होतें, त्याच्या चेहऱ्यावर विजय दिसत होता. अध्यापिकेनें त्याला शांतपणें विचारलें, “नाटक उभें राहिल्यावर तिला खरी गोष्ट कळली, तर पहिल्या प्रयोगाला ती कशी गाईल?” वर्गांत हशा पिकला, पण त्या मुलानें वहींत कांहीं तरी टिपून घेतलें. तासाचा अर्ध्याहून अधिक वेळ या चिकित्सेंतच गेला. कोण काय बोललें, कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला, राग कोठें आला, खोटें न बोलतां गुप्त गोष्ट कशी राखावी, याची ती चिकित्सा होती. अभ्यास केवळ नकली नाटकांवरच थांबत नाहीं. या शाळेचे विद्यार्थी शिक्षण घेऊन बोस्टनच्या आसपासच्या लहान रकमांच्या न्यायालयांत मध्यस्थ म्हणून बसतात. तेथें भाडेकरूची अनामत, बिघडलेल्या यंत्राचे पैसे, शेजाऱ्याचें कुंपण अशा खऱ्याखुऱ्या कुरबुरी येतात. निकाल देण्याचा अधिकार नसतां दोन संतापलेल्या माणसांपुढें बसणें हें किती कठीण, हें ज्यांनीं घरांत भावाभावांची समजूत घातली असेल त्यांना सांगावयास नको.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, समेट ही निर्भेळ चांगली वस्तु आहे, आणि तिला कोण विरोध करील? पण ज्ञानाची शाळा खरी तीच, जेथें तिच्या देवतेवरही आक्षेप घेतां येतो. १९८४ सालीं येल विद्यापीठाचे प्राध्यापक ओवेन फिस यांनीं समेटाविरुद्धच एक निबंध लिहिला, आणि तो आजतागायत या विषयाच्या वर्गांत वाचला जातो. त्यांचे मुद्दे असे: गरीब आणि श्रीमंत समेटाला बसतात तेव्हां गरिबाला पैशांची निकड असते, तो पडतें घेतो, आणि त्याला आपण संमति म्हणतों. शिवाय न्यायालयाचें काम केवळ दोघांत शांतता करणें हें नव्हे. समाजाचीं न्यायतत्त्वें उघड सांगणें हेंही त्याचें काम आहे. काळ्यागोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरविणारा १९५४ चा निवाडा ज्यांनीं मिळविला, त्यांनीं जर एकाद्या गांवच्या शाळेशीं खाजगी तडजोड केली असती, तर सर्व देशाला काय मिळालें असतें? १९९१ सालीं त्रिना ग्रिल्लो या प्राध्यापिकेनें आणखी एक सूक्ष्म गोष्ट दाखविली. घटस्फोटांत मुलांच्या ताब्याबद्दल सक्तीची मध्यस्थी होते, तेव्हां रागावणाऱ्या स्त्रीला हेकट ठरवितात, आणि ‘झालें गेलें विसरा’ म्हणून जें झालें त्याचा जाबच कोणी विचारीत नाहीं. आंकडेही बोलके आहेत. गॅलँटर या संशोधकानें २००४ सालीं दाखविलें कीं, अमेरिकन संघराज्याच्या न्यायालयांत निकालांत निघालेल्या दिवाणी दाव्यांपैकीं १९६२ सालीं शेंकडा ११.५ दाव्यांची पुरी सुनावणी होत असे. २००२ सालीं हें प्रमाण १.८ वर आलें. दारें वाढलीं, पण मधल्या मुख्य दारांतून जाणाराच कोणी उरला नाहीं, तर तें मंदिर कशाचें?

या आक्षेपांना उत्तर शोधीत असतां आम्हांला त्या शाळेचें रहस्य उमगलें असें वाटतें. समेट शिकवावयाचा तर तो कायद्याच्याच शाळेंत कां? तत्त्वज्ञानाच्या किंवा धर्माच्या शाळेंत कां नव्हे? याचें उत्तर फिशर यांच्याच एका सूत्रांत आहे. बोलणें फिसकटलें तर आपल्या हातीं काय उरतें, हें आधीं पाहावें. ज्याच्या हातीं उरतें तोच ताठ मानेनें बोलूं शकतो. सावकाराच्या हातीं पैसा उरतो, घरमालकाच्या हातीं घर उरतें, कर्त्या पुरुषाच्या हातीं किल्ल्या उरतात. दुबळ्याच्या हातीं फक्त कायदा उरतो. १९७९ सालीं म्नूकिन व कॉर्नहाउझर या दोघांनीं घटस्फोटाचीं उदाहरणें घेऊन हेंच दाखविलें, कीं न्यायालयाबाहेर होणारी प्रत्येक तडजोड कायद्याच्या छायेंत होते. निवाड्यांत काय मिळेल याचा अदमास हेंच तिचें तागडें. यांतील म्नूकिन पुढें हार्वर्डच्या त्या संस्थेचे प्रमुख झाले. समेटाला बसणाऱ्याला आपला हक्क ठाऊक असला, आणि न्यायालयाचें दार मागें उघडें असलें, तरच समेट म्हणजे समेट. नाहीं तर ती शरणागति.

हा विचार आपल्याला अगदींच परका नाहीं. मराठेशाहींत गोतसभा व पंचायत बसे तेव्हां वादी-प्रतिवादींकडून आधीं ‘राजीनामा’ घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडण्याचा कागद असा झाला आहे. मूळ अर्थ, पंच सांगतील तें मान्य करण्यास आम्ही राजी आहों, असा आहे. मागाहून हरलेला पक्ष ‘येजितखत’ लिहून देई. १८१९ सालीं एल्फिन्स्टननें पेशवाईच्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत पंचायतीचे दोष दाखवूनही ती राखावी असेंच सुचविलें. पुढें पुण्यास सार्वजनिक काका जोशी यांनीं लवाद-कोर्टांची चळवळ केली. आणि १८७५ च्या दंग्यांनंतर शेतकऱ्यांसाठीं झालेल्या १८७९ च्या कायद्यांत, दावा लावण्यापूर्वीं समेट करणाऱ्याचा दाखला आणण्याची अट होती. ती व्यवस्था पुढें टिकली नाहीं. पाचामुखीं परमेश्वर असें आपण म्हणतों. पण त्या पांचांत स्त्री सहसा नसे, आणि हलक्या मानलेल्या जातींचा माणूस पंचांसमोर किती मोकळेपणानें बोलूं शके, हें ज्याचें त्यानें ओळखावें. फिस यांचा आक्षेप आपल्या पंचायतीलाही लागू होतो.

आतां काळ पुन्हां फिरला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८९ व्या कलमानें २००२ पासून न्यायालयांना दावे समेटाकडे पाठवितां येतात. २०२० सालीं वकील-परिषदेनें कायद्याच्या विद्यालयांत मध्यस्थी हा विषय आवश्यक केला. आणि २०२३ सालीं संसदेनें मध्यस्थी अधिनियम संमत केला. त्यांत मध्यस्थीला १२० दिवसांची मुदत असून दोघांच्या संमतीनें ती आणखी ६० दिवस वाढवितां येते. आणि दावा लावण्यापूर्वींची मध्यस्थी सक्तीची न ठेवतां ऐच्छिक ठेविली आहे, हें विशेष. म्हणजे केंब्रिजची विद्या आतां आपल्या मुलांच्याही पाठ्यक्रमांत आली आहे. ती कशी शिकविली जाईल यावर पुष्कळ अवलंबून आहे. कलमें पाठ करून तो विषय येत नाहीं. तो समोरासमोर बसवूनच शिकविला पाहिजे.

पण कायद्याच्या विद्यालयांपेक्षांही या शिक्षणाची गरज आपल्या घरांना अधिक आहे. एकच उदाहरण देतों. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व सर्व देशानें २००५ सालीं एकत्र कुटुंबाच्या संपत्तींत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. आणि कायदा झाला त्या वेळीं पिता हयात असो वा नसो, हा हक्क तिला आहे, असा निर्वाळा २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला. तरीही आपल्या सुशिक्षित घरांतून काय घडतें? वडील गेल्यावर दिवसवार उरकतात, भाऊ नम्रपणें एक कागद पुढें करतो, कोणी वडीलधारें माणूस म्हणतें, “ताई, माहेर राहिलें पाहिजे ना?” आणि ताई हक्कसोडपत्रावर सही करते. बाहेर आपण सांगतों, आमच्याकडे सर्व सामोपचारानें झालें. हा समेट खरा कीं खोटा, हें त्या कागदावरून ठरत नाहीं. सहीपूर्वीं तिला तिचा वाटा किती हें कोणीं सांगितलें होतें काय, आणि तिला खरोखर काय पाहिजे हें कोणीं विचारलें होतें काय, यावरून तें ठरतें. कदाचित् तिला जमिनीचा तुकडा नकोच असेल. आईचे दागिने, म्हातारपणीं हक्कानें येऊन राहण्याची एक खोली, किंवा मुलाच्या शिक्षणाला आज हातभार, एवढेंच पाहिजे असेल. कदाचित् ती आनंदानें सर्व सोडूनही देईल. पण आधीं हक्क, मग विचारपूस, आणि मग सोडणें, असा क्रम असेल तरच त्या देण्याला दान म्हणतां येईल.

केंब्रिजच्या पंडितांनीं पुस्तकें रचून, वर्ग चालवून, परस्परांचे आक्षेप पचवून जें शिकविलें, त्याचा घरगुती अर्थ आम्हांला एवढाच दिसतो. भांडण टाळण्यासाठीं दुबळ्याला गप्प बसविणें हा समेट नव्हे, आणि हक्क मागणारी व्यक्ति घर मोडते असें म्हणणें हा न्याय नव्हे. पुढच्या वेळीं घरांत असा कागद निघेल तेव्हां, सही करणाऱ्या हातापुढें लेखणी ठेवण्यापूर्वीं कोणीं तरी ते दोन प्रश्न मोठ्यानें विचारावे. विचारणारा भाऊच असला, तर फारच उत्तम.